चेन: धुवायची कशाने, लावायचं काय, ताणायची किती?

धूळपाटी

गाडी २०० सीसी. चेन ५२० मापाची, ओ-रिंगवाली (सांध्यांत रबरी रिंगा असलेली), वरचं कव्हर नावापुरतं. रोजचं जाणं-येणं ४० किमी, त्यातला निम्मा रस्ता खोदकामाखाली. जून ते सप्टेंबर चेनवर चिखलाचा थर.

सल्ला मात्र गॅरेजागणिक बदलतो. शोरूमवाले स्प्रे मारतात. नाक्यावरचे मेकॅनिक ब्रशने जळकं ऑइल फासतात आणि त्यावर ठाम असतात. पार्टवाला नव्वद नंबर गिअर ऑइलची बाटली पुढे सरकवतो. तर जाणकारांनी सांगावं: धुवायची कशाने, लावायचं काय आणि किती किलोमीटरनी? शिवाय मॅन्युअलमध्ये ढिलाई २५ ते ३५ मिमी दिली आहे, ती नेमकी कुठे आणि कशी मोजायची?

पाना_पक्कड

क्रमाने घेऊ.

धुणं: रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश. १०० ते १५० मिली रॉकेल पुरतं, बादलीभर लागत नाही. तारेचा ब्रश नको, त्याने ओ-रिंग फाटतात. पेट्रोल नको, ओ-रिंगचं रबर फुगतं आणि मग कडक होऊन चिरतं; आगीची भीती वेगळी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप चेनवर तर नकोच. पाणी रिंगच्या आड घुसतं आणि तिथून बाहेर यायला त्याला वाट नसते.

धुतल्यावर फडक्याने कोरडी पुसा आणि १५-२० मिनिटं वाळू द्या. ओल्या चेनवर तेल लावलं की पाणी तेलाखालीच अडकून बसतं.

लावणं: नव्वद नंबर किंवा चांगला चेन स्प्रे. दोन्ही चालतात. कित्येक मॅन्युअलमध्ये एसएई ८० किंवा ९० गिअर ऑइल असंच छापलेलं असतं.

किती दिवसांनी: कोरड्या रस्त्यावर ५०० किमीला तेल, हजारला धुणं. पावसात २०० ते ३०० किमीला तेल, आणि गाडी चांगली झोडपून निघाली असेल तर त्याच संध्याकाळी.

ढिलाईचं उद्या लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

उगाच_एक

म्हणजे रोज ४० किमीवाल्याने पावसाळ्यात आठवड्याला एक संध्याकाळ चेनला द्यायची. बायकोला इतका वेळ दिला असता तर...

कोकणी_चाक

+१ पाना_पक्कड. एक भर. आमच्या बाजूला जांभ्याची लाल धूळ आणि खारा वारा. इथे गाडी नुसती उभी असली तरी प्लेटवर तांबडा गंज धरतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी किलोमीटर मोजू नयेत, पंधरवड्याला एक हात फिरवावा. फडक्यावर थोडं तेल घेऊन बाहेरच्या प्लेटा पुसल्या तरी गंज थांबतो.

जुना_फोरस्ट्रोक

स्प्रे वगैरे सगळी श्रीमंती थेरं. ऑइल बदललं की निघालेलं जळकं ऑइल डब्यात धरायचं आणि चेनला लावायचं. फुकट. गावोगावच्या गाड्या त्यावर लाख-लाख किलोमीटर चालतात. कोणाची चेन तुटलेली दिसली का?

पाना_पक्कड

काका, चेन तुटत नाही, झिजते. जळक्या ऑइलमध्ये काजळी असते, इंजिनच्या झिजेचा बारीक कीस असतो, थोडं न जळालेलं पेट्रोल असतं आणि आम्ल असतं. जे इंजिनला नको म्हणून बाहेर काढलं ते रोलरच्या पोटात कशाला भरायचं? फुकटच हवं असेल तर ऑइल बदलताना बाटलीत जे शे-दोनशे मिली नवं उरतं ते वापरा. ते चालतं.

कोरड्या चेनपेक्षा जळकं ऑइल बरं, एवढं मान्य. त्यापुढे नाही.

गणितमास्तर

उरलेल्या इंजिन ऑइलला दुजोरा. गिअर ऑइलचा ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या पट्टीवरचा नाही. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. नव्वदचा दाटपणा साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकाच भरतो. म्हणून २०डब्ल्यू-४० लावलं तर फार बिघडत नाही. फरक आहे तो गिअर ऑइलमधल्या गंधक-फॉस्फरसच्या मसाल्याचा, जो दाबाखाली धातूवर थर धरतो. बाटली उघडल्यावर जो उग्र वास येतो तो त्याचाच.

स्प्लेंडरवाली

सगळे ओ-रिंगवरच बोलताहेत. पूर्ण झाकलेल्या चेनचं काय? स्प्लेंडर, प्लॅटिना यांची चेन साधी असते आणि डब्यात बंद असते. तिथे स्प्रेचे सहाशे रुपये कशाला घालायचे?

नव्वद_नंबर

ताई, बरोबर मुद्दा. दोन्ही चेनांचं पोट वेगळं असतं.

प्रत्येक कडीत एक पिन, त्यावर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. खरी झीज पिन आणि बुश यांच्यामध्ये होते. ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये तिथे कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही टोकांना रबरी रिंगने बूच मारलेलं असतं. बाहेरून लावलेलं तेल तिथे पोचतच नाही, पोचावं अशी अपेक्षाही नाही. ते लागतं तीन कामांना: रबर मऊ राहायला, रोलर स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दातावर सहज बसायला आणि गंज टाळायला.

साध्या चेनमध्ये बूच नाही. तिथे पिनपर्यंत तेल आपल्यालाच पोचवायचं असतं. म्हणून तिथे पातळसर तेल हवं, जे आत झिरपेल. नव्वद नंबर उत्तम. वरून ग्रीस चोपडलं तर ते बाहेरच बसतं, आत पिन कोरडी राहते, आणि धूळ मिसळली की त्या ग्रीसची पॉलिश पेपरसारखी गत होते.

साध्या चेनच्या सांध्यातून लालसर भुकटी बाहेर येताना दिसली तर पिन कोरडी पडून आत गंज घासला जातो आहे असं समजा. ओ-रिंग चेनमध्ये एखाद्याच कडीपाशी अशी लाली दिसली तर तिथली रिंग गेली, आणि ती कडी आता थोड्या दिवसांची सोबती.

डब्याच्या चेनला धूळ कमी लागते, म्हणून ती टिकते. दिसायला बरी म्हणून लोक तो डबा काढून अर्धं कव्हर लावतात आणि मग चेन लवकर गेली म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

जुना_फोरस्ट्रोक

साधी चेन पूर्वी काढून, रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून, मग पातळ केलेल्या ग्रीसमध्ये टाकून ठेवत. गरम ग्रीस पिनपर्यंत उतरतं आणि थंड झालं की आतच थिजतं. याला तरी हो म्हणाल की नाही?

नव्वद_नंबर

काका, याला शंभर टक्के हो. साध्या चेनसाठी यापेक्षा चांगली पद्धत नाही. दोन अटी. ग्रीसचा डबा थेट शेगडीवर ठेवायचा नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, नाहीतर भडका उडतो. आणि ओ-रिंग चेनला हा प्रयोग चुकूनही नाही. उष्णतेने रिंग कामातून जातात.

टेम्सकाठचा

इकडे इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. चेनच्या दृष्टीने कोकणच्या खाऱ्या वाऱ्याचा मोठा भाऊ. नोव्हेंबर ते मार्च इथले बरेच जण स्कॉटऑइलर बसवतात: तेलाची छोटी टाकी, इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडणारा व्हॉल्व्ह, आणि मागच्या स्प्रॉकेटपाशी थेंब सोडणारी नळी. मिनिटाला एक-दोन थेंब पडतात. चेन सतत ओलसर राहते आणि मीठ-माती धुऊन निघते. तोटा एवढाच की मागची रिम कायम चिकट.

उगाच_एक

मिनिटाला दोन थेंब म्हणजे सलाइनच झालं की. चेन ॲडमिट आहे.

पाना_पक्कड

आता ढिलाई. हा भाग तेलापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण कोरडी चेन फक्त झिजते. चुकीची ताणलेली चेन दुसऱ्या पार्टचं नुकसान करते.

मोजणं: इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये. मॅन्युअलमध्ये साइड स्टँड म्हटलं असेल तर साइड स्टँडवर, डबल स्टँड म्हटलं असेल तर डबलवर. ते अदलाबदल करू नये, कारण डबल स्टँडवर मागचं चाक लोंबतं आणि आकडा बदलतो. दोन स्प्रॉकेटांच्या मधोमध खालच्या धावेला, म्हणजे चेनच्या खालच्या पदराला, पट्टी उभी धरायची, चेन बोटाने खाली ओढायची, मग वर ढकलायची. या दोन टोकांतलं एकूण अंतर म्हणजे ढिलाई. केटीएमसारख्या काही गाड्यांत मोजायची जागा मधोमध नसते, तिथे स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीच्या टोकाशी चेन वर दाबून मोजतात. स्विंगआर्मवरचा स्टिकर वाचा, त्यावर चित्र असतं.

मग चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा. असं चार-पाच ठिकाणी. जिथे चेन सर्वांत टाईट लागेल तिथला आकडा धरायचा.

ताणणं: ॲक्सलचं नट ढिलं करा. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) असेल तर जुनी फेकून नवी घाला. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेराच फिरवा, आधी एक मग दुसरा. बुलेट-क्लासिकला गोगलगायीसारखी चकती असते, तिथे दोन्हीकडे सारखेच खाचे मोजायचे. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकचा प्ले बदलतो, तोही आणि ब्रेक लाइटचा स्विचही शेवटी बघायचा.

नट आवळण्याआधी एक युक्ती: मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये घडी घातलेलं फडकं अडकवून चाक हाताने थोडं उलट फिरवून दाबून धरा. ॲक्सल पुढे ओढला जाऊन दोन्ही ॲडजस्टरवर घट्ट टेकतो. त्या स्थितीत नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा, फडकं काढा, आणि ढिलाई पुन्हा मोजा. नट आवळताना ती बऱ्याचदा दोन-चार मिलीमीटर बदलते.

रोज_राइड

थोडी टाईट ठेवली तर काय बिघडतं? गाडी झटके देत नाही, पिकअप छान वाटतो. माहितीतले बरेच जण १० मिमीच ठेवतात.

गणितमास्तर

पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्याभोवती वर-खाली हलतो तो बोल्ट) आणि मागचा ॲक्सल हे तीन बिंदू एका रेषेत आले की पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. उभ्या गाडीवर ते एका रेषेत नसतात. दोघे बसले, खड्डा आला, सस्पेन्शन दबलं की येतात. नेमकी त्या क्षणासाठी ही २५-३५ ची शिल्लक ठेवलेली असते. १० मिमी ठेवली तर ती आधीच संपते आणि पुढचा सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्यावर) येतो. तिथलं बेअरिंग जातं, त्यामागोमाग ऑइल सील गळायला लागतं. चेन सेटच्या बचतीत इंजिन खोलायचा खर्च.

लांब सस्पेन्शनच्या ॲडव्हेंचर गाड्यांना मॅन्युअलमध्ये ४० च्या पुढचा आकडा असतो तो याच कारणाने.

पाव फेराच का, त्याचा हिशेब. ॲडजस्टरचा बोल्ट एम८ असेल तर एका फेऱ्यात १.२५ मिमी सरकतो, पाव फेऱ्यात ०.३१. चाक एवढं मागे गेलं की चेनमधली त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.६२ मिमी लांबी खेचली जाते. ६०० मिमी धावेत ४० मिमी ढिलाईसाठी जादा लांबी लागते फक्त १.३ मिमी, आणि ३० मिमी ढिलाईसाठी ०.७५. म्हणजे पाव फेऱ्यात दहाएक मिलीमीटर ढिलाई उडते. पूर्ण फेरा फिरवणाऱ्याची चेन सतार होते.

रोज_राइड

दंडवत मास्तर. पण मग झटके कशाने येतात?

पाना_पक्कड

ढिलाई मर्यादेत असूनही झटके असतील तर मागच्या हबमधली कपलिंग रबरं बघा. चाक एका हाताने घट्ट धरायचं आणि मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे हलवायचं. खडखड खेळ जाणवला तर रबरं दबली आहेत. स्वस्त पार्ट आहे, चाक काढलं की अर्ध्या तासाचं काम. अनेक जण रबराचा दोष चेन ताणून झाकायला बघतात.

स्प्लेंडरवाली

डब्याच्या चेनची ढिलाई बघायला कव्हरला रबरी बूच लावलेलं भोक असतं, तिथून बोट घालून. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून लिहिलं. ते बूच हरवलं तर पाणी आणि माती थेट आत जाते, पाच-दहा रुपयांचं असतं, लावून घ्या.

घाटवळण

अलाइनमेंटवर कोणीच बोललं नाही. स्विंगआर्मवरच्या रेघोट्यांवर आंधळा विश्वास नको, दोन्हीकडच्या खुणा नेहमी जुळतातच असं नाही. पिव्हटच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं की खात्री होते. दुसरी खूण: मागच्या स्प्रॉकेटच्या दातांच्या कडा बघा. एकाच बाजूने चकचकीत घासलेल्या असतील तर चाक तिरकं आहे.

प्रवासी_१५०

चेन गेली हे ओळखायचं कसं? मेकॅनिक नुसतं बघून "सेट टाका" म्हणतो.

नव्वद_नंबर

मोजून. ५२० मधला पहिला ५ म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत ५/८ इंच, १५.८७५ मिमी. ४२८ चा ४ म्हणजे ४/८ इंच, १२.७ मिमी. चेन ताणून धरून २१ पिना मोजा, म्हणजे मध्ये २० कड्या. नव्या ५२० मध्ये हे अंतर ३१७.५ मिमी. मॅन्युअलमधली मर्यादा गाडीप्रमाणे साधारण ३१९ ते ३२३ च्या दरम्यान असते. ४२८ मध्ये नवं माप २५४ मिमी.

लोखंड लांबत नाही, पिन-बुश झिजतात. ५२० मध्ये प्रत्येक सांध्यात ०.१६ मिमी झीज म्हणजे एक टक्का, आणि ११० कड्यांच्या चेनमध्ये तेवढ्याने १७ मिमी लांबी वाढते.

मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर सेट संपला.

सेट म्हणजे तिन्ही: चेन, पुढचं, मागचं. वाकड्या, हुकासारख्या झालेल्या दातांवर नवी चेन घातली तर ती झपाट्याने जुनी होते. पुढच्या स्प्रॉकेटला दात कमी, १४ विरुद्ध ४० धरलं तर त्याचा प्रत्येक दात जवळपास तिप्पट वेळा चेनखाली येतो. म्हणून ते आधी जातं, आणि झाकलेलं असल्याने कोणी बघत नाही. साइड कव्हर काढा, मातीचा लाडू निघेल.

घाटवळण

+१. आणि "दोन कड्या काढून देतो, अजून सहा महिने चालेल" म्हणणाऱ्यापासून सावध. कड्या काढल्याने ॲडजस्टरला जागा मिळते, पण उरलेल्या प्रत्येक कडीचं माप वाढलेलंच असतं. ती दाताच्या टोकावर चढते आणि एक दिवस उडी मारते. चेन उतरून चाक जाम झालं किंवा इंजिनच्या केसिंगवर आपटली तर सेटच्या कित्येक पट खर्च.

गणितमास्तर

अवांतर: ही बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला १८८० मध्ये काढली. चेनच्या कड्या नेहमी सम असतात, एक आतली एक बाहेरची. स्प्रॉकेटचे दातही सम असतील तर तोच दात कायम आतल्याच कडीत बसतो. विषम असतील तर आलटून-पालटून बसतो आणि झीज वाटली जाते.

उगाच_एक

मास्तर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगलाही हा सम-विषमचा नियम लावून बघितला होता, भांडण वाटलं गेलं.

कोकणी_चाक

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

वर्कशॉप_ताई

एक गोष्ट ठळक अक्षरात समजा. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) लावून, इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चेन फिरवत फडकं किंवा ब्रश लावायचा नाही. व्हिडिओत सर्रास दाखवतात. फडकं ओढलं जातं, मागोमाग बोटं, आणि स्प्रॉकेट बोट कापूनच सोडतं. चाक हातानेच फिरवा, तेही उलट दिशेने. उलट फिरवलं की खालची धाव मागच्या स्प्रॉकेटमधून बाहेर पडत असते, बोट आत खेचलं जात नाही. पॅडॉक स्टँड नसेल तर साइड स्टँडवर जेवढी चेन दिसते तेवढी करा, गाडी दोन फूट पुढे ढकला, पुढची करा.

आणि तेल लावताना मागची डिस्क वर्तमानपत्राने झाका. टायरवर थेंब उडला तर साबणाच्या पाण्याने लगेच पुसा. पहिल्याच वळणावर तो थेंब आठवण करून देतो.

धूळपाटी

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. म्हणजे मूळ प्रश्नावर: ओ-रिंगला रॉकेलने धुणं, नव्वद नंबर किंवा स्प्रे. पण दोन्हींतलं एक निवडायचं तर? आणि रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालेल का? दुसऱ्या डब्यातला तो निळा-पिवळा स्प्रेही लोक सुचवतात.

नव्वद_नंबर

डिझेल चालतं, फक्त त्याचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून दोनदा कोरडं पुसावं लागतं. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवायला आणि मळ सोडवायला आहे. धुऊन पुसायला घ्या, वंगण म्हणून नाही. पातळ असल्याने ते टिकत नाही.

निवड वापरावर. तुमच्या खोदकामाच्या रस्त्यावर, पावसात, मी नव्वद नंबर म्हणेन. ते उडतं, रिम घाण करतं, पण उडताना माती घेऊन जातं, आणि दर आठवड्याला पुन्हा लावायला परवडतं. चिकट स्प्रे लांबच्या, कोरड्या हायवेला छान. ओल्या मातीत तो वाळू धरून ठेवतो.

लावायची रीत: गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज भरून घ्या. खालच्या धावेच्या आतल्या बाजूने, दोन्हीकडच्या रिंगवर आणि रोलरवर एक-एक थेंब. आतून लावलं की फिरताना तेल बाहेरच्या दिशेने सरकत सगळीकडे पोचतं. एक सिरिंज, फार तर दीड, पूर्ण चेनला पुरते. १५ मिनिटांनी बाहेरच्या प्लेटा कोरड्या पुसा, तिथल्या तेलाचा उपयोग फक्त धूळ धरायला होतो. रात्री लावून सकाळी काढली गाडी तर उत्तम.

पाना_पक्कड

पावसासाठी सहमत. उन्हाळ्यात स्प्रेवर गेलात तरी हरकत नाही, फक्त आधी धुऊन. तेलावर स्प्रे मारला की तो धरत नाही.

प्रवासी_१५०

वर सांगितल्यासारखं मोजून बघितलं, २० कड्यांना ३२४ भरले. सेट मागवला. साध्या लॉकची (टोकं क्लिपने जोडायची) चेन आहे, लॉकची दिशा कुठली? आणि नव्या चेनवर जे चिकट ग्रीस असतं ते रॉकेलने धुऊन मग तेल लावायचं का?

वर्कशॉप_ताई

लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला. वरच्या धावेत बघितलं तर बंद टोक पुढे, उघडं टोक मागे. उलटी बसली आणि कशाला घासली तर निसटते. क्लिप एकदा काढली की नवीच लावा.

ग्रीस धुऊ नका. बाहेरच्या प्लेटांवरचं फडक्याने पुसा, रोलरवरचं राहू द्या. घेताना रोलॉन, डायमंड किंवा गाडीच्या कंपनीचा सीलबंद डबा बघून घ्या, सुटी चेन नको. आणि पहिल्या ५०० किमीनंतर ढिलाई तपासा, नवा सेट बसताना थोडा सैलावतो.